बसवंतच्या रक्ताची काच

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटात, खडूच्या खोक्यांच्या मागे, पितळेची एक वाकडी मान दिसते ना, तो मी. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. शाळेचे शिपाई मला 'दुर्बीण' म्हणतात आणि ते ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. दुर्बीण लांबचे बघते. लांबचे बघण्यात कसले आले आहे कौतुक! माणसाच्या अगदी नाकासमोर असते आणि तरीही त्याला दिसत नाही, ते मी दाखवतो. त्याचा मला थोडा गर्व आहे. तेवढा तुम्ही पोटात घाला.

माझा जन्म साता समुद्रापलीकडचा. एका म्हाताऱ्या कारागिराने माझी भिंगे महिनोन् महिने घासली. बोटीने मी मुंबईला उतरलो आणि तिथून आगगाडीने हैदराबादला गेलो. निजामाच्या राज्यात मला 'खुर्दबीन' म्हणत. मखमली अस्तराची सागवानी पेटी, रोज पुसणारा माणूस, समोर बसणारे मोठमोठे साहेब, असा सगळा माझा थाट होता. मग संस्थान भारतात विलीन झाले. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, साहेब बदलले, सामानाची वाटणी झाली आणि मी उस्मानाबाद जिल्ह्यात, मुरुमच्या गुरांच्या दवाखान्यात येऊन पडलो. पडलो हाच शब्द बरोबर आहे. तिथे माझा उपयोग काय होत होता, विचारा. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवत.

माझ्याकडे तीन भिंगे आहेत. पहिली दोन साधी. तिसरे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात ताकदवान. ते वापरायचे तर काचपट्टीवर खास तेलाचा एक थेंब टाकावा लागतो आणि भिंगाचे टोक त्या थेंबात टेकवावे लागते. काम झाले की तेल लगेच पुसायचे असते. नाही पुसले तर ते वाळते आणि वार्निशासारखे घट्ट बसते. एकदा दवाखान्यात कुणीसे पाहुण्यांना गंमत दाखवायला ते भिंग वापरले, चहाला म्हणून उठले, आणि पुसायचे राहूनच गेले. तेल माझ्या डोळ्यावर वाळले. त्या भिंगातून मला सगळे धुक्यात असल्यासारखे दिसू लागले. मला ओरडून सांगता येत नाही, मित्रांनो. त्याचा मला तेव्हा फार त्रास झाला.

अशा अवस्थेत मी असताना डॉक्टर मार्तंडराव मुरुमला बदलून आले. उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मार्तंडराव तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातले. देवीची पूजा सोडून हा गुरांच्या मागे लागला, म्हणून निम्मे नातेवाईक त्यांच्यावर रुसलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्यावरची धूळ झटकली आणि मला खिडकीशी नीट बसवले. शेणातल्या जंतांची अंडी बघायला ते माझी साधी भिंगे वापरत. तिसऱ्या भिंगाची गरज अजून पडली नव्हती, म्हणून माझे दुखणे त्यांनाही कळले नव्हते.

ज्येष्ठाच्या पौर्णिमेला आमच्या भागात कारहुणवी असते. त्या दिवशी बैलांना रंगवतात, सजवतात, मिरवतात. सण तोंडावर आलेला असताना एका सकाळी महांतप्पा धापा टाकत दवाखान्यात आले. गावाबाहेर त्यांचा मळा होता. अंगाने धिप्पाड, मिशा पांढऱ्या, आणि कपाळावर विभूतीचे पट्टे.

"डाक्टरसाहेब कुठं हायत?" ते दारातूनच ओरडले. "माझा बसवंत चारा खाईना झालाय. अंग तव्यावानी तापलंय त्येचं."

मार्तंडराव घटसर्पाची लस टोचायला दुसऱ्या गावी गेले होते. ते परत आले आणि तशीच सायकल दामटीत मळ्यावर पोचले, तोवर बसवंत संपला होता. नुसता संपला नव्हता, त्याचे कातडेही निघाले होते.

महांतप्पांच्या घराण्याची तशी रीत होती. घरचा बैल मेला की त्याचे कातडे बाजारात जात नसे. त्याची मोट शिवत. मोट म्हणजे विहिरीतून पाणी ओढायची कातड्याची मोठी पिशवी. बैल गेला तरी त्याने आपल्याच मळ्याला पाणी पाजत राहावे, अशी माया त्यामागे होती. कातडे सोलायला महांतप्पांनी सोमलिंगला बोलावले होते. सोमलिंग मुरुमचा कातडी कमावणारा, हाडाने बारीक, बोलायला मोजका. ते कातडे मीठ चोळून गोठ्यातच वाळत घातले होते आणि सण झाला की सोमलिंग त्याची मोट शिवणार होता.

बसवंतचा गळा सुजला होता, म्हणून सगळे घटसर्प म्हणाले. गुरांचा घटसर्प गुरांनाच मारतो, माणसाला काही करत नाही. पण दुसरा एक रोग आहे, फाशी. काही जण त्याला काळपुळी म्हणतात. तोही अशीच झडप घालतो, तोही गळा सुजवतो, आणि तो गुरावरून माणसावर जातो. रक्तातून जातो, कातड्यातून जातो, केसांतूनसुद्धा जातो. मार्तंडरावांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी बसवंतच्या कानाच्या शिरेतले टिपूसभर रक्त काचपट्टीवर पसरले, धड खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायला लावले, आणि ती काच रुमालात गुंडाळून माझ्याकडे आणली. कातडे मात्र महांतप्पांनी नुसत्या संशयावर पुरू दिले नाही.

रक्तावर निळा रंग चढवून त्यांनी ती काच माझ्याखाली सरकवली. तेलाचा थेंब टाकला, तिसरे भिंग फिरवून खाली आणले. मी जिवाचा आटापिटा केला. पण वाळलेल्या तेलाच्या पापुद्र्यातून मी दाखवणार तरी काय? निळसर गढूळपणा आणि त्यात हलके डाग. घटसर्पाचे जंतू म्हणजे नुसते ठिपके, आणि फाशीचे लांब काड्यांसारखे. डाग ठिपक्यांचे की काड्यांचे, काही कळेना.

"रंग नीट चढला नाही वाटतं," मार्तंडराव पुटपुटले. त्यांनी काच लाकडी डबीत घातली आणि मोठ्या प्रयोगशाळेकडे टपालाने पाठवायची म्हणून बाजूला ठेवली. उत्तर यायला पंधरवडा तरी लागला असता. रंग चांगला चढला होता हो! बिघाड माझ्या डोळ्यात होता, आणि ते मला सांगता येत नव्हते.

टपाल आठवड्यातून एकदाच निघे. डबी टपालात पडण्याआधीच, चौथ्या दिवशी, दवाखान्यापुढे बैलगाडी थांबली. दिवस कलायला लागला होता. गाडीतून महांतप्पांची बायको शांताक्का उतरली आणि तिने मागे बसलेल्या सोमलिंगला हात धरून खाली घेतले. महांतप्पा कासरा हातात धरून तोंड पाडून बसले होते. एवढ्यातेवढ्यासाठी गुरांच्या डॉक्टरकडे माणूस आणलेले त्यांना पटले नव्हते.

"साहेब, ह्याचा हात बघा," शांताक्का म्हणाली. "वसंतराव डाक्टर म्हंतात बिब्बा उतलाय. पर मला काय धीर निघंना. बैल तुमीच बघितला हुता, म्हून तुमच्याकडं आणलं."

सोमलिंगचा उजवा हात मनगटापासून खांद्यापर्यंत सुजून तट्ट झाला होता. मनगटाच्या वर रुपयाएवढा काळा कुळकुळीत डाग होता. मार्तंडरावांनी त्याला बाकावर बसवले.

"आधी काय झालं होतं, सोमलिंगा?"

"बारकी पुळी आली हुती साहेब. लई खाजत हुती. म्हून बिब्ब्याचा चटका दिला. मग काळं पडलं, अन् सूज चढली. आता हीव भरतंय."

आता इथली गोम लक्षात घ्या. आमच्याकडे पुळी उठली, मुरगळले, काटा मोडला की पहिल्यांदा बिब्बा. आणि बिब्बा उतला की कातडी काळी पडते, सूज येते, फोड येतात. फाशीच्या पुळीचेही तसेच होते. बिब्ब्याच्या काळ्याखाली रोगाचे काळे लपून बसले असेल, तर ते नुसत्या डोळ्यांनी ओळखणार कोण?

"दुखतंय का?" मार्तंडरावांनी विचारले.

"न्हाय. त्येच तर नवल हाय. येवढी सूज हाय, पर दुखत न्हाय."

बिब्बा उतला की माणूस रात्रभर तळमळतो. मार्तंडरावांचा चेहरा उतरलेला मी बघितला. "बैल सोलताना रक्त गोठलं होतं का रे?" त्यांनी हळूच विचारले.

"न्हाय साहेब. पाण्यावानी वाहत हुतं."

फाशीने मेलेल्या गुराचे रक्त गोठत नाही. मार्तंडरावांनी शेजारच्या दुकानदाराला वसंतराव डॉक्टरांकडे पिटाळले. वसंतराव माणसांचे डॉक्टर, त्यांचा दवाखाना पेठेत होता. ते आले ते वैतागूनच.

"मी बघितलंय त्याला," ते म्हणाले. "बिब्बा आहे तो. मुरुमात आठवड्याला चार येतात असे."

"वसंतराव, मला फाशीचा संशय आहे. पेनिसिलिन सुरू करा."

वसंतराव खुर्ची ओढून बसले आणि खालच्या आवाजात बोलले. "माझ्याकडे एकाच रोग्यापुरतं उरलंय. एका बाळंतिणीला ताप चढलाय. रात्री वाढला तर मला ते तिला द्यावं लागेल. सोलापूरहून नवीन माल उद्या संध्याकाळी येईल. नुसत्या संशयावर मी तिच्या तोंडचं काढून ह्याला कसं देऊ? मला काहीतरी दाखवा."

त्यांचेही चुकत नव्हते, मित्रांनो. फाशी असली तर सोमलिंग उद्या संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री नव्हती. नसली तर बाळंतिणीचे औषध वाया गेले असते. आणि दाखवायला होती फक्त एक काच, आणि मी, अर्धा आंधळा.

मार्तंडरावांनी डबीतून काच काढली. मला खिडकीशी ओढले. माझ्या पायाशी एक गोल आरसा आहे. त्यावर उजेड पडतो आणि तो मी वर डोळ्याकडे नेतो. मुरुमात तेव्हा वीज नव्हती आणि कंदिलाच्या पिवळ्या उजेडात तिसरे भिंग काही दाखवत नाही. मला ऊन लागते, आणि ऊन खिडकीच्या खालच्या चौकटीवर आले होते. पश्चिमेला ढगही जमत होते.

त्यांनी डोळा लावला. पुन्हा तोच गढूळपणा. त्यांनी स्क्रू खाली-वर फिरवला, आरसा हलवला, कपाळावरचा घाम पुसला. मला वाटत होते, आता तरी माझ्याकडे बघा, काचेकडे नको! आणि मग, देवीनेच सुचवले असेल त्यांना, त्यांनी तिसरे भिंग पिळून बाहेर काढले आणि खिडकीच्या उजेडात धरले.

"अरे देवा," ते म्हणाले. "याच्यावर तेल वाळलंय."

भिंग पुसायच्या औषधाची बाटली कपाटात होती, पण कोरडी ठणठणीत. वसंतरावांनी स्पिरिट पुढे केले. स्पिरिटने भिंगाच्या आतला डिंक विरघळतो आणि काच निखळून पडते.

"स्पिरिट नको," मार्तंडराव घाईने म्हणाले. "पेट्रोल पाहिजे. थोडंसंच."

"पेठेत बियाण्याची लॉरी उभी हाय," शांताक्का म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "अवं, बसलाय काय? उठा की!"

महांतप्पा उठले. त्या वयात, त्या देहाने ते पेठेकडे पळत गेले. इकडे सोमलिंगला थंडी भरली. दात वाजू लागले. शांताक्काने त्याच्या अंगावर गाडीतली घोंगडी टाकली. ऊन चौकटीवरून भिंतीवर सरकले. मार्तंडराव मला उचलून दुसऱ्या खिडकीत घेऊन गेले, मग ओट्यावर, जिथे अजून उजेड होता. वसंतराव आकाशाकडे बघत होते.

महांतप्पा आले ते शाईच्या बाटलीत पेट्रोल घेऊन. पुसायला मऊ कापड हवे होते. दवाखान्यातल्या चिंध्या खरखरीत, माझ्या काचेवर ओरखडे उठले असते. शांताक्काने आपल्या धुऊन धुऊन विरलेल्या इरकली लुगड्याच्या पदराचा कोपरा टर्रकन फाडला आणि पुढे केला. मार्तंडरावांनी त्याला पेट्रोल लावले आणि माझे भिंग हळूहळू, गोल गोल पुसायला घेतले. एकदा पुसले, उजेडात धरले. अजून डाग होता. पुन्हा पुसले. मला त्या पेट्रोलची चुरचुर अजून आठवते, आणि तिच्याइतके सुख मला त्या मखमलीच्या पेटीतही कधी मिळाले नव्हते.

भिंग जागेवर बसले. तेलाचा थेंब पडला. ढगाच्या कडेतून शेवटचे ऊन माझ्या आरशावर आले आणि मी माझ्या अंगात होती नव्हती तेवढी ताकद लावली.

दिसले! निळ्या निळ्या काड्या. टोके कापल्यासारखी सरळ, एकीला एक लागून उभ्या, आणि प्रत्येक माळेभोवती गुलाबीसर वलय. रक्ताच्या त्या टिपक्यात त्यांची गर्दी होती.

मार्तंडराव बाजूला झाले. वसंतरावांनी चष्मा कपाळावर सरकवून डोळा लावला. ते बराच वेळ बघत राहिले. मग उठले आणि चप्पल घालताना एवढेच म्हणाले, "फाशीच आहे. मी पेनिसिलिन घेऊन येतो. एका माणसाला त्या लॉरीवर बसवून आत्ताच सोलापूरला पाठवा, बाळंतिणीसाठी."

ते गेले तसे मार्तंडराव महांतप्पांकडे वळले. "ते कातडं आजच जाळावं लागेल. गोठ्यातली ती जागाही. आणि उद्या मी तुमची सगळी जनावरं टोचणार."

महांतप्पांचे डोळे लाल झाले. "जाळू देणार न्हाय. बसवंतला म्या वासरापासनं वाढवलाय. त्यो माझ्याच हिरीवर ऱ्हाणार. तुमच्या काचंत काय दिसतंय त्ये तुमालाच ठावं."

"मग तुम्हीच बघा, अप्पा. या."

महांतप्पा वाकले. मोठे कपाळ माझ्या नळीला टेकले, विभूती माझ्या पितळेला लागली. त्यांना आधी काही दिसेना. मार्तंडरावांनी स्क्रू जरासा फिरवला. उजेड आता फार थोडा उरला होता.

"निळ्या काड्या हायत," महांतप्पा म्हणाले. "ढीगभर हायत."

"त्यांनीच बसवंतला मारलं. तशाच सोमलिंगच्या हातात शिरल्यात. कातड्यात तर वर्षानुवर्षं राहतात. त्याची मोट केलीत तर विहिरीत उतरतील, आणि त्या विहिरीचं पाणी तुमची नातवंडं पितात."

महांतप्पांनी डोळा काढला नाही. उजेड गेला, मला काहीच दाखवता येईना, तरी ते तसेच वाकून होते. मग सरळ झाले आणि बाकावर कुडकुडणाऱ्या सोमलिंगकडे बघू लागले.

"म्या सांगितलं म्हून सोललंस रे तू," ते म्हणाले. "कातडं माझ्या हातानं जाळतो. तू फकस्त जग."

त्याच संध्याकाळी मळ्याच्या कडेला कातडे जळाले. हाताला फडकी गुंडाळून महांतप्पांनी ते स्वतः चितेवर ठेवले आणि मार्तंडराव राखेवर चुना पडेपर्यंत तिथून हलले नाहीत. सोमलिंगला इंजेक्शने सुरू झाली. दोन दिवस तो भ्रमात बडबडत होता. रोग लागेल म्हणून त्याच्या घराकडे कुणी फिरकत नव्हते. हा रोग माणसाकडून माणसाला असा लागत नाही, हे मार्तंडराव दारोदार सांगत फिरले. पण लोकांना खरे पटले ते शांताक्का रोज भाकरीचे फडके घेऊन त्याच्या घरी जाऊ लागली तेव्हा. सोलापूरचे औषध वेळेवर आले आणि बाळंतीणही वाचली. त्या वर्षी महांतप्पांच्या दारात कारहुणवी झाली नाही.

सोमलिंगचा हात बरा झाला. काळे गळून पडले आणि तिथे खोल वण राहिला. पुढे दिवाळीच्या सुमारास तो एकदा दवाखान्यात आला आणि त्याने कनवटीतून एक पुरचुंडी काढली. आत शेळीच्या कातड्याचा तळहाताएवढा तुकडा होता. निरोग्या शेळीचा, डॉक्टरांना आधी विचारून घेतलेला, आणि कमावून कमावून लोण्यासारखा मऊ केलेला.

"अक्कानं लुगडं फाडलं त्या दिशी," तो म्हणाला. "दर बारीला कोण फाडील? ह्येनं पुसत जावा साहेब."

त्यानंतर मार्तंडराव मुरुमला होते तोवर एकही संध्याकाळ चुकली नाही. काम संपले की ते त्या कातड्याने माझे भिंग पुसत आणि मगच खुर्चीवरून उठत. आम्ही दोघांनी मिळून किती गुरांची रक्ते बघितली! कधी फाशी सापडली, बहुतेक वेळा नाही सापडली, आणि नाही सापडली की आम्हाला किती हलके वाटे. मग त्यांची बदली झाली. दवाखान्यात नवे यंत्र आले आणि मला तुमच्या शाळेला देऊन टाकले. मला त्याचे वाईट वाटते, नाही असे नाही. कपाटात उजेड येत नाही. पण तुमच्यासारखी मुले कांद्याची साल बघायला मला बाहेर काढतात, तेव्हा जुने दिवस आठवतात.

मागच्या आठवड्यात तुमच्यापैकी कुणीतरी तिसरे भिंग वापरले. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि तुम्ही सगळे पळालात. मी तुमच्यावर रागावलो नाही. तुम्हाला माहीत नव्हते. पण मी पुन्हा धुक्यात आहे, मित्रांनो, आणि मला त्या बाकावरचा सोमलिंग आठवतो, घोंगडीखाली दात वाजणारा, आणि भिंतीवरून सरकत जाणारे ते ऊन. माझ्यावर तेल वाळलेले असताना कुणाचा जीव माझ्याकडे येईल, हे आधी कधीच कळत नाही. माझ्या पेटीत डाव्या कोपऱ्यात एक पुरचुंडी आहे, ती सोडा. ते कातडे अजून मऊ आहे. काम झाले की त्याने माझे भिंग पुसा, आणि मगच खेळायला जा.